छपरं

इद्रियातला पारा संपला, खाण बंद झाली,
लेस मात्र अजून विणली जाते.
झ्देन्काबाईंच्या स्वयंपाकघरात
गोल उशीवर टाचण्यांचं रान, लाकडी चात्यांची टकटक,
आणि फ्रिजशेजारी, विणलेल्या रुमालाखाली,
अठ्ठ्याण्णव सालचा कॉम्प्युटर.

"तो बंद करायचा नाही हं," त्या मला दारातच बजावतात.
नमुने आखायचा प्रोग्राम त्याच्यातच आहे,
वोय्कोने लिहिलेला, खाणीच्या हिशेबखात्यात असताना.
वोय्को आता त्रिएस्तेला असतो.
कोणासोबत, ते मी विचारत नाही.
मी दुरुस्तीवाला, तासावर पैसे घेतो.

प्रिंटर त्या जुन्यालाच बांधलेला,
अंगठ्याएवढ्या जाड केबलने, पंचवीस पिनांनी.
तिंकाराचा लॅपटॉप कालच आलेला,
पापडासारखा पातळ,
त्याला भोक म्हणून एकच, तेही चार्जरचं.
तिला पत्र छापायचंय. ग्राट्सला, नोकरीसाठी.
"कागदावर, शाईच्या सहीनिशी मागतात. या जमान्यात!"

तर काम एवढंच:
नव्याने म्हणायचं, हे जरा छापून दे.
जुन्याने म्हणायचं, बरं.

तीन तास गेले.

एकाच राउटरखाली राहून
नवा जुन्याला ओळखच देईना.
जुना बोलतो ती बोली त्याने केव्हाच टाकलेली,
धोक्याची म्हणून.
मी सेटिंग्जच्या तळघरात उतरलो,
एका चौकटीत खूण केली: चालेल, या घरापुरती.

मग घोडं अडलं नावावर.
दोघांच्या गटाचं नाव एकच असलेलं बरं.
जुन्यात होतं: वोय्को.

"जुन्यातलं बदला," तिंकारा म्हणाली.
"बदललं की नमुने उघडत नाहीत," आई म्हणाली. "पाहिलंय करून."
"कधी?"
"तो गेला त्या आठवड्यात."

चात्या थांबल्या.
मी झाकणाचे स्क्रू मोजले. चार होते.
पुन्हा मोजले. चारच.

तिंकाराने बापाचं नाव टाइप केलं,
एका बोटाने, तवा तापलाय का बघावा तसं.
एक अक्षर चुकलं, काही दिसेना.
तिने पुन्हा केलं, या खेपेला सावकाश,
आणि लॅपटॉपवर एक इवलासा प्रिंटर उगवला.

नव्याच्या यादीत हे मॉडेल नव्हतंच.
मी खोटं सांगितलं: समज, हा त्याच्याही आधीचा आहे,
नऊ सुयांचा, साधा, फक्त अक्षरं जाणणारा.
तेवढ्यावर दोघांचं जमलं.
प्रिंटर खोकला, कण्हला,
भोकाभोकांचा कागद ओढत
करवतीच्या आवाजात ओळीमागून ओळ काढू लागला.

पत्र आलं, पण छपरं उडालेली.
आमच्या काही अक्षरांवर एक खूण असते,
तिला आम्ही छोटं छप्पर म्हणतो.
त्याच्याखाली च असतो; छप्पर गेलं की त्स होतो.
कागदावर सहीच्या जागी लिहिलं होतं:
तिंकारा कावत्सित्स.

"राहू दे," ती म्हणाली. "ऑस्ट्रियात कोणाला कळणारे?"

झ्देन्काबाईंनी चश्मा लावला,
नमुने गिरवायचं बारीक काळं पेन घेतलं
आणि पहिल्या ओळीपासून
एकेका अक्षरावर छप्पर घालत गेल्या.
आडनावावर दोन. कावचिच.
ते तिच्या बापाचंच आडनाव.
तिथे हात थांबला नाही, एवढं मी पाहिलं.

"पेनने केलेलं दिसतंय, आई."
"दिसू दे."

निघताना मी नियम समजावला:
जुना जागा असला तरच नव्याचं छापून होईल.
"ग्राट्सहूनही?" झ्देन्काबाईंनी विचारलं.
"नाही हो. फक्त घरातल्या घरात."
त्यांनी रुमाल परत घातला, दिवा तेवढा उघडा ठेवून.

बिल मी एका तासाचं केलं.
त्यांनी ते नीट वाचलं,
आणि माझ्या आडनावावरचं घाईत राहिलेलं एक छप्पर
घालून मगच पैसे दिले.